सहा ओळींची साफसफाई



या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा आम्ही सांगितले, "संगणकाच्या आज्ञावलीतील सहा ओळींची साफसफाई, आणि ती तपासण्याचे काम." चिटणीस सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी ते वहीत टिपून घेतले आणि निघता निघता दारात थांबून हळूच विचारले, "सहा ओळींवर तासभर होईल ना?" आता आपल्याकडे कीर्तनकार चार ओळींच्या अभंगावर मध्यरात्र करतो, आम्हांला तर दोन ओळी जास्तच मिळाल्या आहेत. होईल, असे आम्ही त्यांना सांगितले. न झाल्यास दोष आमचा, ओळींचा नव्हे.

पहिल्याने ही आज्ञावली कशाची, ते सांगितले पाहिजे. एका खऱ्या संगणकाच्या पोटात दहा-वीस खोटे संगणक उभे करता येतात. खोटे म्हणजे लबाडीचे नव्हे. त्यांतल्या प्रत्येकाला असे वाटत असते की, आपल्याला स्वतःचा प्रोसेसर आहे, स्वतःची मेमरी आहे, स्वतःची डिस्क आहे. प्रत्यक्षात हे सारे एका आज्ञावलीने रचलेले सोंग असते. पण सोंग इतके बेमालूम की, आत चालणाऱ्या प्रोग्रामांना सहसा त्याची गंधवार्ता नसते. या धंद्यात खऱ्या यंत्राला यजमान म्हणतात आणि आत राहणाऱ्याला पाहुणा. इंग्रजीत शब्द आहेत होस्ट आणि गेस्ट. ज्याने कोणी ही नावे ठेवली त्याला व्यवहार चांगला कळत असला पाहिजे. पाहुण्याला पोटभर जेवू घालावे, पण तिजोरीची किल्ली त्याच्या हाती देऊ नये. आणि एका पाहुण्याला दुसऱ्याच्या खोलीत डोकावू देऊ नये. आभासी यंत्राचे सगळे शास्त्र या दोन वाक्यांत आले.

कल्पना नवी नाही. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे आयबीएम कंपनीच्या शास्त्रज्ञांनी अवाढव्य यंत्रांवर हा प्रयोग केला, आणि १९७२ मध्ये तो व्हीएम/३७० या नावाने बाजारातही आला. पुढे लहान संगणक आले, आणि या शतकाच्या तोंडावर तीच विद्या त्यांच्यावर उतरली. २००३ साली फाब्रीस बेलार या फ्रेंच गृहस्थाने क्यूएमू नावाची आज्ञावली लिहून ती सर्वांस मोकळी केली. २००७ साली लिनक्सच्या गाभ्यात केव्हीएम नावाचा भाग दाखल झाला, आणि या दोघांची जोडी जमली. दोन्ही मुक्तस्रोत, म्हणजे त्यांची मूळ संहिता कोणीही वाचावी, बदलावी आणि त्याच शर्तीवर दुसऱ्यास द्यावी. आज मोठमोठ्या कंपन्या आपली यंत्रे ताशी भाड्याने देतात. मुंबईत अशी सोय ॲमेझॉनने जून २०१६ मध्ये उघडली. आपण या मंडपात येण्यापूर्वी मोबाइलवरून विजेचे बिल भरले असेल, तर ते काम बहुधा कोठल्या तरी पाहुण्यानेच केलेले असणार. आपले पैसे त्या पाहुण्याच्या खोलीतून गेले. तेव्हा यजमानाच्या भिंती पक्क्या आहेत की नाहीत, हा प्रश्न केवळ आमच्यासारख्या चार कोडवाल्यांचा राहिलेला नाही.

आता साफसफाई. लाखो ओळींची संहिता वीस वर्षे शेकडो हातांनी लिहिली गेली म्हणजे ती जुन्या वाड्यासारखी होते. एकाने खुंटी ठोकली, दुसऱ्याने तिच्यावर फळी टाकली, तिसऱ्याने फळीखाली कपाट बसवले. कामे नीट होत असतात. पण नव्या माणसाला जिना सापडत नाही. म्हणून कोणी तरी अधूनमधून आवराआवर करतो. यंत्र पूर्वी जे करीत होते तेच पुढेही करील, फक्त लिहिणे स्वच्छ होईल, असे त्या बदलाचे वचन असते. बदल पाठवायचा तो 'पॅच' म्हणून. आपल्या भाषेत ठिगळ. काढलेल्या ओळीपुढे उणे चिन्ह, घातलेल्या ओळीपुढे अधिक चिन्ह, वर चार ओळींत कारण, आणि खाली पाठवणाराची सही. दुसरा कोणी तो वाचतो, पटल्यास आपणही सही करतो. या दुसऱ्या सहीचा अर्थ लिनक्सच्या मंडळींनी शब्दांत लिहून ठेवलेला आहे: मी हा बदल तपासला, शंका होत्या त्या कळवल्या, माझ्या माहितीप्रमाणे तो उपयुक्त व निर्दोष आहे, तथापि मी त्याची हमी घेत नाही. शेवटचे कलम वाचून पूर्वी आम्हांला हसू येई. आता येत नाही.

गेल्या वर्षी पावसाळ्यात शेजारच्या बिऱ्हाडातला एक मुलगा आमच्याकडे आला. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याने आपला संगणक आमच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, "काका, क्यूएमूला पाठवायला एक पॅच केलाय. सहाच ओळी आहेत. तुम्ही नुसती नजर टाका."

नजर टाका! या शब्दांनी या धंद्यात जेवढा घात केला आहे तेवढा अज्ञानानेही केला नसेल. आम्ही त्याला म्हटले, "अरे, बस जरा. चहा होऊ दे."

बदल असा होता. प्रोग्रामला काम करताना मेमरीत जागा मागावी लागते. ती मागण्याची जुनी रीत अशी की, एका नोंदीला किती जागा लागते ते पाहायचे, नोंदींच्या संख्येने त्याला गुणायचे, आणि येईल तेवढी जागा मागायची. ग्लिब नावाच्या ग्रंथालयातील जी-मॅलॉक या साधनाने हे होते. नवी रीत जी-न्यू या साधनाची: अमुक प्रकारच्या अमुक इतक्या नोंदींना जागा द्या, एवढेच सांगायचे, गुणाकार दुकानदार करील. आपण कापडाच्या दुकानात जाऊन "सव्वासत्तावीस मीटर द्या" म्हणता, की "या मापाचे अकरा पडदे करायचे आहेत" म्हणता, असाच हा फरक. दुसऱ्या रीतीत आपली आकडेमोड चुकण्याची भीती नाही.

आणि आकडेमोड चुकते, ती माणसाची नव्हे, यंत्राची. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा आठवा. पाच घरे भरली की तो पुन्हा शून्यावर. ३२ बिटांच्या यंत्रात हे घर ४,२९,४९,६७,२९६ ला भरते. आता एक नोंद १६ बाइटांची आहे आणि कोणी २६,८४,३५,४५७ नोंदींची जागा मागितली, असे धरा. खरा गुणाकार येतो ४,२९,४९,६७,३१२. पण काटा एक फेरा मारून पुढे जातो आणि शिल्लक दिसते ती फक्त १६. प्रोग्रामला १६ बाइट मिळतात, म्हणजे एका नोंदीची जागा. त्याची समजूत मात्र अशी की, आपल्याला सव्वीस कोटींहून अधिक नोंदींचे कोठार मिळाले. तो भराभर लिहीत सुटतो, शेजारच्याच्या भिंतीवर, त्याच्या पलीकडच्याच्या दारावर. जी-न्यू हा फेरा ओळखून तेथेच थांबवते. ६४ बिटांच्या यंत्रांत असा प्रसंग विरळा. पण नाहीच असे नव्हे. शिवाय जी-न्यूने दिलेल्या गाठोड्यावर आतील मालाची चिठ्ठी असते, त्यामुळे तांदळाचे पोते गव्हाच्या कोठीत टाकू लागलात तर संहिता यंत्रभाषेत नेणारा कंपायलर तेथल्या तेथे हटकतो. जी-मॅलॉकचे गाठोडे बिनचिठ्ठीचे. तेव्हा बदलाचा हेतू उत्तम होता. क्यूएमूमध्ये असे बदल वेळोवेळी झालेले आहेत, आणि पुष्कळदा ते कॉक्सिनेल नावाच्या फ्रान्समध्ये जन्मलेल्या साधनाने केले जातात. एक नियम लिहून दिला की ते शेकडो ठिकाणी तोच बदल करून टाकते. फ्रेंच भाषेत या नावाचा अर्थ तो ठिपक्याठिपक्यांचा लाल किडा, जो पिकावरचा मावा खातो.

मुलाने तीन ठिकाणी ही ओळ बदलली होती. तिसऱ्या ठिकाणी मात्र तिच्या खालच्या तीन ओळी काढूनही टाकल्या होत्या. तीन आणि तीन सहा.

पहिली दोन ठिकाणे आम्ही वाचली; चोख होती. तिसऱ्याशी थांबलो. "या तीन ओळी का काढल्यास?"

"काका, त्या कधी चालणारच नाहीत. जागा मिळाली नाही तर चूक कळवा, असं त्यात होतं. पण जी-न्यूला जागा मिळाली नाही तर ते प्रोग्रामच बंद करतं. मग पुढे तपासायचं काय?"

तर्क बिनचूक होता. "पण जुन्या ओळीत कोणते साधन होते, ते मोठ्याने वाच."

त्याने वाचले: जी-ट्राय-मॅलॉक.

मधला 'ट्राय' हा शब्द त्याच्या डोळ्यांनी तीनदा ओलांडला होता. हे साधन जागा मिळाली नाही तर प्रोग्राम बंद पाडीत नाही. रिकाम्या हाताने परत येते, आणि पुढचे काय ते तुम्ही पाहा म्हणते. त्या तीन ओळी पुढचे पाहण्यासाठीच होत्या. आता कोणी विचारील, मेमरी संपली तर प्रोग्राम बंद पडला काय आणि चूक कळवली काय, फरक कोणता? म्हणून आम्ही त्याला दुसरा प्रश्न विचारला, "ही किती जागा मागायची, तो आकडा येतो कोठून?" मुलगा संहितेत मागे मागे जाऊ लागला. एका कार्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. चहा निवला. पाऊण तासाने तो म्हणाला, "पाहुण्याकडून."

येथे सगळी मेख आहे. आकडा यजमानाने ठरवलेला असता तर गोष्ट निराळी. पण आत बसलेला पाहुणा जो आकडा सांगेल तेवढी जागा यजमान मागणार. आणि पाहुण्याने चुकून किंवा खोडसाळपणे वाटेल तो आकडा सांगितला, तर जुन्या संहितेप्रमाणे त्याला नकार मिळाला असता. नव्या स्वच्छ संहितेप्रमाणे त्याचे संपूर्ण आभासी यंत्र, त्यातले चालू काम, अर्धवट लिहिलेल्या नोंदी, सारे एका क्षणात बसले असते. क्यूएमूच्या लेखन-नियमांत याबद्दल स्पष्ट इशारा आहे: चार हजार बाइटांच्या घरातील लहान मागणी पुरी झाली नाही तर प्रोग्राम बंद पडला तरी चालेल, कारण तेवढीही जागा नसली तर यजमानच घाईला आलेला असतो, पण मोठी मागणी करून पाहुण्याला यंत्र बंद पाडता येईल अशी जागा निर्माण करू नका. हा नियम मुलाने वाचलेला होता. परीक्षेत विचारला असता तर पाठ म्हणून दाखवला असता.

त्याचे तोंड उतरले, म्हणून आम्ही त्याला आमची गोष्ट सांगितली. ती येथेही सांगतो. चार लोकांत सांगितल्याने ती आम्हांला बोचायची कमी होते असे नाही. काही वर्षांपूर्वी एका मुक्तस्रोत प्रकल्पात, नाव सांगण्याचे कारण नाही, आमच्यापुढे असाच पण तीनशे ओळींचा पॅच आला. पाठवणारा जुना आणि भरवशाचा. पहिल्या चाळीस ओळी आम्ही बारकाईने वाचल्या. सगळ्या एकसारख्या. नंतर डोळे नुसते ओळींवरून घसरत गेले, आणि आम्ही सही केली. एका ठिकाणी जुन्या साधनाच्या नावापुढे शून्य होते, नव्या साधनापुढे ते राहून गेले होते. त्या शून्याचा अर्थ असा की, मिळालेली जागा झाडून पुसून द्या. शून्य गेल्यावर जागा मिळू लागली ती आधीच्या बिऱ्हाडकरूचे सामान तसेच पडलेली. यंत्र चालत होते, चाचण्या उत्तीर्ण होत होत्या. ही गफलत दुसऱ्याच एका वाचकाने पकडली, आणि तीही संहिता लोकांच्या हाती जाण्यापूर्वी, म्हणून आज आम्ही येथे उभे राहून बोलू शकतो. पण त्या पॅचखाली आमची सही आहे. प्रकल्पाच्या दप्तरातून ती निघत नाही. तेथे सारा इतिहास जतन होतो.

सर्वांचेच नशीब असे नसते. डेबियन म्हणून लिनक्सचा एक नामांकित संच आहे. २००६ साली त्याच्या एका सांभाळकर्त्याने ओपनएसएसएल या आज्ञावलीतील दोन ओळी बंद केल्या. ही आज्ञावली गुप्त किल्ल्या तयार करते; बँकेच्या संकेतस्थळापासून कचेरीच्या संगणकापर्यंत सगळीकडे तिचे कुलूप लागते. तपासणीचे एक साधन त्या ओळींबद्दल कुरकुर करीत होते, की येथे न भरलेली मेमरी वाचली जात आहे. कुरकुर थांबवावी एवढाच हेतू. गंमत अशी, गंमत कसली, दुर्दैव असे की, दोन्ही ओळी अक्षरशः सारख्या होत्या. एक गेली तरी फारसे बिघडत नव्हते. दुसरी मात्र किल्लीत जेवढे म्हणून अकल्पित मिसळायचे ते मिसळणारी ओळ होती. ती गेल्यावर अकल्पित उरले ते फक्त चालू कामाचा क्रमांक, आणि असे क्रमांक असतात ३२,७६८. म्हणजे एका जातीच्या आणि एका मापाच्या किल्ल्या साऱ्या जगात फार तर तेवढ्याच. चोराने आधीच करून खिशात ठेवाव्यात. त्या गृहस्थाने बदल करण्यापूर्वी विचारणा केली नव्हती असेही नाही. केली होती, आणि कोणी ठामपणे नको म्हटले नाही. हे उघडकीस आले मे २००८ मध्ये. दीड वर्षाहून अधिक काळ तयार झालेल्या किल्ल्या लोकांना टाकून द्याव्या लागल्या.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग जुन्या संहितेला हातच लावू नये. चालते आहे ते चालू द्यावे. आमच्या धंद्यातही असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. साफसफाईची एक किंमत असते, ती नवख्याला दिसत नाही. प्रत्येक ओळ कोणी, केव्हा, का लिहिली ते दप्तरात सापडते. तुम्ही नुसता मोकळ्या जागांचा फेरफार केलात तरी त्या ओळीवर तुमचे नाव चढते, आणि मूळ लेखकापर्यंत जायला एक पायरी वाढते. जुन्या आवृत्त्यांना नव्या दुरुस्त्या लावणेही जड जाते. हे सारे खरे. पण न झाडलेल्या खोलीचे काय होते, तेही ऐका.

क्यूएमूमध्ये फ्लॉपीचा एक नियंत्रक आहे. आपल्यापैकी ज्येष्ठांना ती काळी चौकोनी तबकडी आठवत असेल. पाहुण्याला वाटावे आपल्यापाशी फ्लॉपीचे यंत्र आहे, म्हणून हे सोंग. पाहुण्याने पाठवलेल्या आज्ञा ५१२ बाइटांच्या एका कोठीत जमा होत, आणि आज्ञा पार पडली की मोजणी पुन्हा शून्यावर येई. दोन आज्ञा अशा निघाल्या की, त्यांच्यानंतर ती ताबडतोब शून्यावर येत नसे. पाहुणा लिहीत राहिला तर कोठी ओसंडून यजमानाच्या मेमरीत माल पडे. हा दोष २००४ पासून तेथे होता आणि मे २०१५ मध्ये तो जाहीर झाला. शोधणारांनी त्याला नाव दिले व्हेनम, म्हणजे विष. केव्हीएम, झेन आणि व्हर्च्युअलबॉक्स या तिन्हींना त्याची बाधा होती, कारण तिघांनीही ही खोली मूळ वाड्यातून तशीच उचलून आणली होती. आणि फ्लॉपी न जोडली तरी नियंत्रक आपल्या जागी बसूनच असे. अकरा वर्षे! फ्लॉपी जगातून गेली, दुकानांतून गेली, लोकांच्या कपाटांतून गेली. तिचे सोंग मात्र लाखो यंत्रांत दार उघडे टाकून उभे होते. दुरुस्ती किती मोठी असेल? गाभा एवढाच की, कोठीतील जागेचा आकडा ५१२ च्या आत बांधून घालायचा. थोड्याशा ओळी. त्याही कोणी तरी वाचून सही केलेल्या.

आमचे मत विचाराल तर फ्लॉपीची खोली अकरा वर्षे राहिली ती आळसाने नव्हे. तेथे जाण्याचे कोणाला कारणच नव्हते. नवी सोय रचणाराला नाव मिळते, कंपन्या त्याला पगार देतात. जुनी खोली झाडणाराला बहुधा नवख्यांतूनच यावे लागते, कारण शिकण्यासाठी त्याला लहान काम हवे असते. आणि त्याचा पॅच वाचणाराला आपल्या पोटापाण्याच्या कामातून वेळ चोरावा लागतो. सहा ओळी लिहायला मुलाला अर्धा तास लागला होता. वाचायला आम्हां दोघांना दोन तास लागले. हे प्रमाण कोणाच्याही हिशेबात बसत नाही, म्हणून 'छान आहे' असे लिहून सही करण्याचा मोह होतो. दुसराही मोह होतो, तो अधिक वाईट: चार तिखट शब्द लिहून पोराला परत पाठवायचे. पहिल्या मोहाने संहिता बिघडते. दुसऱ्याने माणूस जातो, आणि तो पुन्हा येत नाही. आम्ही अशी तिखट उत्तरे तरुणपणी खाल्ली आहेत, आणि कबूल करायचे तर एकदोनदा दिलीही आहेत.

मुलाने त्या रात्री पॅच नव्याने लिहिला. सहा ओळींच्या दोनच उरल्या. तिसरे ठिकाण त्याने जसे होते तसे ठेवले, आणि वरच्या टिपणात एक वाक्य घातले की, येथील माप पाहुण्याकडून येते, म्हणून हे ठिकाण जाणूनबुजून बदललेले नाही. आम्हांला ते फार आवडले. आम्ही त्याला म्हटले, आता पाठव.

तीन आठवडे काही उत्तर नाही. मुलगा रोज संध्याकाळी जिन्यात भेटे आणि मान हलवी. चौथ्या आठवड्यात उत्तर आले. कोठल्या देशातला वाचक होता कोण जाणे. लिहिणे थोडके आणि सौम्य होते. दोन्ही ओळी ठीक आहेत, असे त्याने लिहिले होते. पुढे एक सूचना होती: तिसऱ्या ठिकाणाबद्दल तुम्ही टिपणात जे वाक्य लिहिले आहे, ते संहितेतच त्या ओळीच्या डोक्यावर लिहा, टिपण कोणी उघडून पाहत नाही, आणि पुढच्या वर्षी कोणी तरी तुमच्यासारखाच झाडू घेऊन येईल.

मुलगा ते पत्र घेऊन धावत वर आला. "काका, हे तुम्ही का नाही सांगितलंत?"

आम्हांला सुचले नव्हते.